शाहूकाळाचा दरबार रंगमंचावर आणताना: कोणतं कापड इथलं, कोणतं समुद्रापलीकडचं?

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. साताऱ्यातलं तुमचं हौशी मंडळ छत्रपती शाहू महाराजांच्या दरबारावर नाटक बसवतंय. काळ साधारण १७३५ ते १७४० चा. मुंबईकर इंग्रजांनी १७३९ मध्ये कॅप्टन गॉर्डनला वकील म्हणून महाराजांकडे पाठवलं, तो प्रवेशही त्यात आहे. मखमल, किनखाप (जरीचं भारी रेशमी कापड) आणि फुलांची छीट (रंगीत नक्षीचं सुती कापड) घ्यायचं ठरलं, तेव्हा मंडळातल्या एका ज्येष्ठांनी हरकत घेतली की हा सगळा बाहेरचा माल आहे, दरबारात अस्सल मराठी कपडेच दिसले पाहिजेत. म्हणून तुम्हाला इथलं काय आणि परदेशी काय, याची यादी हवी आहे.

मी सांगलीत ऐतिहासिक नाटकांचे कपडे बेतते आणि शिवते. तशी यादी करता येईल, पण ती तुम्हाला चुकीच्या वाटेला नेईल. पोर्तुगीज १४९८ ला कालिकतला उतरले, १५१० ला त्यांनी गोवा घेतलं, आणि १६१३ च्या सुमारास सुरतेत इंग्रजांची वखार सुरू झाली. अरब आणि इराणी व्यापारी तर त्याच्याही कितीतरी आधीपासून येत होते. म्हणजे १७३५ च्या साताऱ्यातल्या सरदाराच्या पणजोबांनीसुद्धा परदेशी माल बाजारात पाहिलेला होता. त्या सरदाराच्या अंगावर पूर्ण इथलंच म्हणावं असं काही शोधायला गेलात, तर धोतर आणि घोंगडीपाशी येऊन थांबाल.

मी कामाला बसते तेव्हा वेगळा प्रश्न विचारते: व्यापाराने आलेली वस्तू कपड्याच्या नेमक्या कोणत्या भागात शिरली? माझ्या अनुभवात ती आधी जरीत, रंगात आणि नक्षीत शिरते. बेतणी मात्र सगळ्यात शेवटी बदलते, कारण ती कापडाच्या पन्ह्यावर (रुंदीवर), हवेवर आणि माणूस बसतो कसा, घोड्यावर चढतो कसा यावर ठरते. एवढं धरून चाललात तर तुमच्या ज्येष्ठांचंही समाधान होईल आणि इतिहासही राहील.

काही गोष्टी तुमच्या संहितेवर अवलंबून आहेत, त्या आधी ठरवा. प्रवेश दरबारचा आहे की मोहिमेच्या छावणीतला? ऋतू कोणता? साताऱ्याच्या आषाढात बाहेरून येणारा जासूद घोंगडीची खोळ घेऊनच येणार, आणि माण-खटाव किंवा आटपाडीकडच्या जाड घोंगडीइतकी खरी वस्तू तुम्हाला दुसरी मिळणार नाही. पात्राचा दर्जाही पाहा. जुनी चित्रं बहुतेक थोरामोठ्यांची, आणि तीही त्यांच्या ठेवणीतल्या कपड्यांतली. त्यावरून हुजऱ्यालाही किनखाप घालू नका.

आता जर. जुन्या शालूच्या पदरातला जरीचा एक धागा उसवून भिंगाखाली धरा. आत पिवळ्या रंगवलेल्या रेशमाचा पीळ असतो आणि त्याभोवती केसाइतकी बारीक, चपटी तार गुंडाळलेली असते. घडी पडते त्या जागी सोन्याचा मुलामा झिजलेला असतो आणि खालची पांढरी चांदी दिसते. चांदीच्या कांबीवर सोन्याचा पत्रा चढवून ती कांब पोलादी पट्टीच्या लहान लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढत न्यायची, मग ती तार चपटी करून रेशमावर गुंडाळायची, अशी ही कलाबतू. आपल्या देशात चांदी फारच थोडी निघायची. ती बाहेरून येई, आणि सोळाव्या शतकाच्या मध्यापासून तिचा मोठा साठा अमेरिका खंडातला होता. आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसीची खाण १५४५ मध्ये सापडली, मेक्सिकोतही मोठ्या खाणी होत्या. ती चांदी स्पेनमार्गे युरोपात जाई, तिथून कंपन्यांच्या जहाजांतून किंवा अरबी प्रदेशातल्या मोखा आणि बसरा या बंदरांच्या वाटेने सुरतेला येई. युरोपकडे इथल्या सुती कापडाच्या बदल्यात देण्याजोगा दुसरा माल कमी होता, म्हणून चांदीच द्यावी लागे. तिचे सुरतेच्या टांकसाळीत रुपये पडत आणि काही भाग तारकसाकडे (तार ओढणाऱ्या कारागिराकडे) जाई. त्यामुळे शेल्याच्या पदरावरची जर तुम्ही निःशंक मराठी म्हणून दाखवा, तिचा विणकर इथलाच आहे. फक्त ती इतकी भरघोस का झाली, याचं एक उत्तर अटलांटिकपलीकडच्या खाणीत आहे. शिरपेचातल्या मोठ्या हिरव्या पाचूचंही तसंच. त्या काळातले उत्तम पाचू दक्षिण अमेरिकेतल्या आजच्या कोलंबियातून येत.

अशी जुनी वस्त्रं हाताशी फार का येत नाहीत, याचंही कारण या चांदीतच आहे. वस्त्र जीर्ण झालं की ते जाळून चांदी काढून घ्यायची रीत होती. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातली गलाई मंडळी देशभर सोनंचांदी गाळण्याच्या धंद्यात आहेत, त्यांच्याकडे चौकशी केलीत तर जुन्या जरीबद्दल पुस्तकात नसलेलं बरंच ऐकायला मिळेल. रंगमंचासाठी मात्र प्लॅस्टिकची जर घेऊ नका. एलईडीच्या उजेडात ती पिवळीजर्द आणि सपाट दिसते. टेस्टेड जर (तांब्याच्या तारेवर मुलामा दिलेली) घ्या, तीही किंचित तांबूस झाकेची.

रंगात सगळ्यात घोळ लाल रंगाचा होतो. तुमच्या नाटकात दोन लाल आहेत आणि ते वेगळे दिसले पाहिजेत. इथला सुती कापडावरचा पक्का लाल आलाच्या किंवा मंजिष्ठाच्या मुळांचा, तुरटी देऊन चढवलेला. तो थोडा विटकरीकडे झुकतो. रेशमावर आणि लोकरीवर लाखेचा लाल, तो गडद आणि जांभळट. पागोट्यांना करडईच्या फुलांचा कुसुंबी. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत करडई रब्बीत होते, ती फुलं तुमच्या ओळखीची असतील. कुसुंबी ताजा असताना फार देखणा असतो, पण उन्हात आणि धुण्यात उतरतो, म्हणून पागोटं पुन्हापुन्हा रंगवून घ्यावं लागे. सगळ्या सरदारांची पागोटी एकाच छटेची ठेवू नका. एखादं नुकतं रंगवलेलं, एखादं उतरलेलं असं ठेवा. दरबार लगेच जिवंत दिसतो.

दुसरा लाल विलायती लोकरी कापडाचा, ज्याला आपल्याकडे सकलाद म्हणत. ते युरोपातूनच रंगवून येई. उंची सकलादीचा झळझळीत लाल मेक्सिकोतल्या निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील नावाच्या किड्यापासून मिळे, आणि सतराव्या शतकात त्यात कथिलाचा क्षार वापरायला लागल्यापासून तो आणखी पेटला. गॉर्डनला लाल कोट द्यायचा असेल तर हा पेटता लाल फक्त त्याच्याच अंगावर ठेवा. दरबारातले विटकरी, लाखी आणि कुसुंबी लाल त्याच्या भोवती आले की संवाद न बोलताही प्रेक्षकाला कळतं की हा माणूस दुसऱ्या बाजारातून आलाय.

सकलाद मराठ्यांना नवी नव्हती. अकबराच्या काळातल्या आइन-ए-अकबरीतल्या कापडांच्या यादीत युरोपची आणि पोर्तुगालची सकलाद आहे, युरोपची मखमलही आहे, आणि तिच्याच शेजारी इराणी, गुजराती आणि लाहोरी मखमल आहे. म्हणजे मखमल दाखवली म्हणून काही बिघडत नाही, ती गुजरातेतही विणली जात होती. बिघडतं ते ती कुठे दाखवली यावर. इंग्रजांची सुरुवातीपासूनची अडचण अशी की त्यांचं जाड लोकरी कापड इथे अंगावर घालायला फारसं खपत नसे. ते जाई हत्तीच्या झुलीला, पालखीला, खोगिराला. दख्खनच्या उन्हात घोट्यापर्यंत मखमलीचा जामा (घेरदार लांब अंगरखा) कोणी हौसेनेही दिवसभर घालणार नाही. तुमची मखमल तलवारीच्या म्यानाला, लोडांना आणि गादीच्या कडांना वापरा. अंगावर हवीच असेल तर एखादी आखूड बंडी पुरे. शिवाय त्या काळच्या रेशमी मखमलीचा पन्हा साधारण सव्वा हाताचा, त्यामुळे तिचं मोठं वस्त्र जोडांनी भरून जाई. आजची पॉलिस्टर मखमल दुप्पट पन्ह्याची मिळते म्हणून तिचा सलग घेरदार जामा बेतता येतो, आणि तिथेच काळ चुकतो.

छिटीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण तुम्ही पाठवलेला नमुना मी नीट पाहिला. पांढऱ्या जमिनीवर वळणं घेत वर चढणारं मोठं झाड, त्याच झाडाला दहा प्रकारची फुलं. छान आहे, पण हा घाट बऱ्याच अंशी युरोपच्या गिऱ्हाइकासाठी घडला. इंग्रज कंपनीने १६४३ मध्ये सुरतेला लिहून कळवलं होतं की रजयांची लाल जमीन आमच्याकडे पसंत पडत नाही, पांढरी जमीन जास्त ठेवा आणि मध्ये रंगीत फुलं-फांद्या काढा. पुढे तिकडून नमुनेही येऊ लागले. इथल्या रंगाऱ्याने ते आपल्या हाताने, आपल्या कलमाने उतरवले. त्या फुलांत इराणी वेल आहे, चिनी खडक आहेत, इंग्रजी भरतकामातली पानं आहेत, आणि धुतलं तरी न उतरणारा रंग मात्र कोरोमंडलच्या (पूर्व किनाऱ्यावरच्या) कारागिराचा. हा न उतरणारा रंग युरोपला तेव्हा साधलेला नव्हता, सगळी ओढ त्याचीच होती. जावा-सुमात्राकडे मसाल्याच्या बदल्यात गुजरातचा पटोळा (आधी सूत रंगवून विणलेलं रेशमी वस्त्र) जाई, आणि पुढे तिथल्या बाटिकमध्ये (मेण लावून रंगवलेल्या कापडात) पटोळ्याची चौकटच उतरली. प्रत्येक बंदराची आवड निराळी आणि कारागीर सगळ्यांची मागणी पुरवत होता. याच व्यापाराची काळी बाजूही आहे. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलाम विकत घेताना युरोपीय व्यापारी मोबदल्यात इथलं निळं सुती कापड देत.

दरबारातल्या माणसांसाठी मी लहान बुट्टीची छीट घेईन. एक किंवा दोन रंगांची बुट्टी, फिकट किंवा लाल जमीन, बऱ्हाणपुरी वळणाची. बऱ्हाणपूर आपल्या वाटेवरचं, आणि तिथलं सुती कापड सतराव्या शतकातच इराण-तुर्कस्तानपर्यंत जात होतं. तुमचं मोठ्या झाडाचं कापड फुकट घालवू नका, ते पलंगपोस किंवा मागचा पडदा म्हणून लावा. त्याचं मूळ कामही तेच.

आता बेतणी. शाहू महाराजांचं बालपण आणि तारुण्य औरंगजेबाच्या छावणीत गेलं, १७०७ ला ते सुटले. त्यामुळे त्यांच्या दरबारी पोशाखावर मोगली वळण असणं स्वाभाविक आहे. त्या काळी जामा घोट्याकडे उतरला होता, कंबर वर चढली होती आणि घेर वाढला होता. हा घेर येतो कळ्यांनी. पातळ सुती कापडाच्या एका पन्ह्याच्या लांब तुकड्याला कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरका काप द्या, दोन कळ्या मिळतात आणि चिंधीसुद्धा वाया जात नाही. जोडताना एका कळीची सरळ बाजू दुसरीच्या उरेब (तिरक्या कापाच्या) बाजूला लावा. उरेबाला उरेब जोडलात तर चार प्रयोगांत घेर खाली लोंबायला लागेल. काखेत चौबगला (चौकोनी जोडतुकडा) घाला, म्हणजे मुजऱ्याला हात वर गेला तरी जामा ओढत नाही. गुंड्या नकोत, बंद द्या. बंद कोणत्या बाजूला, हा प्रश्न तुम्ही विचारलाच नाहीत पण विचारायला हवा होता: मोगली रिवाजात मुसलमान उजवीकडे बांधत आणि हिंदू डावीकडे. अकबराने तकौचिया नावाच्या इथल्या वस्त्राचे चिरे बंद करून गोल घेर करायला आणि डावीकडचे बंद उजवीकडे घ्यायला लावलं, अशी नोंद आइनमध्ये आहे. राजे बेतणीत हात घालत ते असं. तुमच्या मराठा पात्रांचे बंद डावीकडे ठेवा.

गॉर्डनचा कोट याच्या अगदी उलट आहे आणि ते उलटेपण कापडातून आलंय. सकलाद रुंद मागावर विणून, मग पाण्यात कुटून-तुडवून दाट केलेली. पन्हा तीन हातांच्या आसपास, आणि कापल्यावर तिच्या कडेचे दोरे सुटत नाहीत. म्हणून युरोपचा शिंपी तिला हवा तसा गोल काप देऊ शकतो, कडा न दुमडता तशाच सोडू शकतो, बाजूला चुण्यांचा गठ्ठा करून कोटाचा खालचा भाग ताठ उभा ठेवू शकतो. हेच मलमलीत करायला गेलात तर सगळं गळून पडेल. जाम्याच्या कळ्या सकलादीत केल्या तर माणसाला उठता येणार नाही. कापड बंदरातून आलं तरी बेतणी जागची हलली नाही, त्याचं कारण हे. मराठी फौजेत युरोपीय धर्तीचे आखूड डगले आले ते पुढे, महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये द बॉयन या युरोपीय सेनानीला ठेवून कवायती पलटणी उभ्या केल्या त्या सुमाराला. तुमच्या नाटकात ते नकोत.

गॉर्डनला मोठ्या बाह्यांच्या मोहऱ्या, समोर ओळीने गुंड्या, आणि गळ्यात पांढरी मलमल द्या. ती मलमल बंगालची. त्याच्या मायदेशात तेव्हा छापील सुती कापड अंगावर घालणं कायद्याने बंद होतं. लोकर आणि रेशीम विणणाऱ्यांच्या ओरडीमुळे इंग्लंडने १७०० च्या कायद्याने अशा कापडाची आयात रोखली आणि १७२१ च्या कायद्याने वापरही. ती बंदी १७७४ पर्यंत टिकली. फ्रान्समध्येही १६८६ पासून १७५९ पर्यंत बंदी होती. साधी पांढरी मलमल मात्र चालत होती. त्यामुळे एखादा प्रवेश त्याच्या तंबूतला असेल तर तिथे त्याला छिटीचा सैल झगा घाला. त्या झग्याचा घाट डच लोकांनी जपानहून नेलेल्या किमोनोचा, कापड आपलं. लंडनच्या सॅम्युअल पीप्स या रोजनिशीकाराने १६६६ मध्ये स्वतःचं चित्र काढून घ्यायला बसताना असाच ‘इंडियन’ झगा भाड्याने आणला होता, इतकी त्याची प्रतिष्ठा. दरबारात सकलाद आणि तंबूत छीट, एवढ्याने दिग्दर्शकाला त्या पात्राची अर्धी गोष्ट सांगता येईल.

स्त्रीपात्रांबद्दल थोडक्यात. लुगडं न कापता नेसायचं, त्यामुळे तिथे परदेशी बेतणीचा प्रश्नच येत नाही. चोळी खणाची, समोर गाठ. व्यापार दिसतो तो तुतीच्या रेशमात, ते बंगालमधल्या कासीमबाजारकडून आणि चीनहून येई. नथीतल्या मोत्यांत, ते बसऱ्याच्या बाजूचे. आणि पोवळ्यांत, ती भूमध्य समुद्रातली. फुग्याच्या बाह्यांचं पोलकं एकोणिसाव्या शतकातलं, ते नको.

बाकी काळ चुकवणाऱ्या गोष्टी पुढच्या. गडद राणी आणि जांभळा हे रासायनिक रंग १८५६ नंतरचे. माहेश्वरी काठ अहिल्याबाईंच्या कारकिर्दीतले, म्हणजे १७६७ च्या पुढचे. शालीवरची मोठी, फुगीर, वाकलेल्या टोकाची कुयरीही नंतरची. तुमच्या काळातल्या काश्मिरी शालीच्या टोकाला अरुंद पट्टा आणि त्यात एकेक सडपातळ फुलझाड हवं. मेणवलीच्या वाड्यातली आणि वाईच्या मोतीबागेतली भित्तिचित्रं जरूर पाहा, तुम्हाला ती हाकेच्या अंतरावर आहेत, पण ती नंतरच्या पेशवाईतली आहेत. त्यातली पागोटी १७३५ च्या डोक्यावर ठेवू नका. प्रत्यक्ष वस्त्रांसाठी पुण्याचं राजा केळकर संग्रहालय बघून या, आणि तिथे पुढच्या नक्षीपेक्षा शिवणी आणि अस्तर दिसतंय का ते बघा.

पैशांचं सांगायचं तर जाम्यांसाठी इचलकरंजीकडचं साधं पातळ सुती कापड घ्या, ते स्वस्त पडतं आणि घेर मनासारखा पडतो. त्यातून वाचलेले पैसे तीन ठिकाणी घाला: महाराजांचा किनखापी कमरबंद, पागोट्यांची रंगाई, आणि गॉर्डनच्या कोटाचं खरं लोकरी कापड. कोटाला पॉलिस्टर चालणार नाही, त्याच्या चुण्या उभ्या राहत नाहीत. आणि रंगीत तालमीच्या आधी निदान आठवडाभर नटांना जामे घालून बैठकीवर बसायला, मुजरा करायला आणि घेर मागे सारून उठायला लावा. ज्याच्या पायात घेर अडकेल त्याचा जामा चार बोटं आखूड करा, कळ्यांना हात लावू नका.